फुलबॅक कोण भारी? आधी तो कुठे उभा होता ते बघा

फुलबॅक म्हणजे रग्बीत 15 नंबर घालून सगळ्यांच्या मागे उभा राहणारा शेवटचा खेळाडू. त्याच्याबद्दल मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “2023 च्या विश्वचषकापासून रग्बी नियमित बघतो. फ्रेडी स्टुअर्ड (इंग्लंड), ह्यूगो कीनन (आयर्लंड), तोमा रामोस (फ्रान्स), विल जॉर्डन आणि बोडेन बॅरेट (न्यूझीलंड), विली ले रू (दक्षिण आफ्रिका) यांच्यात आक्रमणात कोण सरस आणि बचावात कोण? दोन्हींना दहापैकी वेगवेगळे गुण द्यायचे झाले तर कसे द्याल? आणि जुन्यांशी, म्हणजे फ्रान्सचा ब्लांको, न्यूझीलंडचा कलन, वेल्सचा जेपीआर यांच्याशी त्यांची तुलना होऊ शकते का?”

गुण देता येतील, पण वेगवेगळे नाही. फुलबॅकचं आक्रमण आणि बचाव हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या बुटाला चेंडू लागतो त्या क्षणी 15 नंबरचा माणूस कुठे उभा आहे, यावर दोन्ही ठरतं. तो योग्य जागी असेल तर चेंडू धावत झेलतो, समोर मोकळं मैदान दिसतं आणि लोक म्हणतात “वा, काय आक्रमण!” तोच खेळाडू आठ मीटर चुकीच्या जागी असेल तर चेंडू टप्पा खातो, तो पाठमोरा धावतो, घाईत किक मारतो आणि लोक म्हणतात “बचाव कच्चा आहे.” माणूस तोच, फरक आठ मीटरचा. त्यामुळे तुमचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो: कोणता फुलबॅक कुठल्या प्रकारच्या सामन्यात संघाला जास्त उपयोगी पडतो, आणि ते बघायचं कसं?

आधी एक हिशोब मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मैदानाची रुंदी 70 मीटरपर्यंत असते. समोरचा फ्लाय-हाफ, म्हणजे चाली ठरवणारा 10 नंबर, कोपऱ्याकडे सपाट, खालून जाणारी किक मारतो तेव्हा चेंडू जमिनीला लागेपर्यंत साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. वेग पकडण्यात गेलेला वेळ धरला तर चांगला धावपटूही तेवढ्यात वीसेक मीटर जातो. म्हणजे अगदी मधोमध उभा असलेला फुलबॅक दोन्ही बाजू मिळून चाळीस मीटर सांभाळतो. उरलेल्या तीस मीटरचं काय? ते एकट्याच्या आवाक्यातलं कामच नाही. म्हणून मागची तिकडी, म्हणजे फुलबॅक आणि दोन्ही कडांचे दोन विंगर, घड्याळाच्या लंबकासारखी हलते. चेंडू उजवीकडे गेला की उजवा विंगर पुढच्या फळीत जातो, फुलबॅक उजवीकडे सरकतो आणि डावा विंगर मागे येऊन मधली जागा धरतो. चेंडू परत फिरला की सगळं उलट. स्क्रम-हाफ (झुंबडीतून चेंडू काढून देणारा 9 नंबर) पुढच्या फळीच्या लगेच मागे फिरत राहतो, कारण तिथे छोटी चिप किक पडू शकते.

ही हालचाल टीव्हीवर जवळजवळ कधीच दिसत नाही. कॅमेरा चेंडूवर असतो, फुलबॅक चौकटीबाहेर. हायलाइट्स बघून फुलबॅक जोखणं फसतं ते इथेच. हायलाइट्समध्ये त्याने वाचवलेली ट्राय (गोललाइनपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) दिसते. तो योग्य जागी उभा राहिल्यामुळे समोरच्याने मारलीच नाही ती किक कुठल्याही चित्रफितीत नसते.

2021 मध्ये आलेल्या 50:22 च्या नियमाने या जागेची किंमत आणखी वाढवली. आपल्या अर्ध्यातून मारलेली किक मैदानात टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनपासून 22 मीटरच्या आत कडेबाहेर गेली, तर लाइनआउटचा थ्रो, म्हणजे चेंडू परत आत फेकण्याचा हक्क, किक मारणाऱ्या संघाला मिळतो. (चेंडू मागे पास करून आपल्या अर्ध्यात आणलेला असेल तर ही सवलत नाही.) म्हणजे एका चुकलेल्या जागेची शिक्षा तीस ते पन्नास मीटर, वर चेंडूही त्यांचाच. साहजिकच संघ मागे दोन, कधी अडीच माणसं ठेवू लागले. अडीच म्हणजे एक विंगर अर्धवट मागे, गरज पडेल तसा पुढे. मागे माणूस वाढला की पुढच्या फळीत एक कमी. 70 मीटर चौदा जणांनी अडवायचे तर प्रत्येकी पाच मीटर, बाराच उरले तर जवळपास सहा. हे एक-एक मीटर नावापुरते वाटतात, पण वेगाने धावणाऱ्या सेंटरला तेवढी फट पुरते. फुलबॅकवर विश्वास असेल तर प्रशिक्षक मागे एक माणूस कमी ठेवतो आणि तो माणूस पुढे टॅकलला मिळतो. कीननसारख्या खेळाडूचं खरं मोल हे आहे, आणि आकडेवारीत ते कुठेही येत नाही.

आता उंच चेंडू. यावर जास्त लिहितो, कारण सध्या सामने इथेच फिरतात. स्क्रम-हाफ रकच्या (पडलेल्या चेंडूवरच्या झुंबडीच्या) मागून बॉक्स किक, म्हणजे उंच पण आखूड किक, मारतो. चांगली बॉक्स किक हवेत चार सेकंद राहते, म्हणजे गणिताने चेंडू जवळपास वीस मीटर उंच गेलेला असतो. चार सेकंदांत पाठलाग करणारा विंगर पंचवीसेक मीटर धावत येतो, आणि किक तेवढ्याच अंतरावर टाकलेली असते. म्हणजे चेंडू आणि विंगर एकाच वेळी पोहोचणार, हे आधीच ठरवलेलं आहे. फुलबॅकने हा झेल कसा घ्यायचा?

पहिली चूक सगळे नवशिके करतात: चेंडूच्या बरोबर खाली जाऊन, पाय रोवून, वर बघत उभे राहतात. क्रिकेटमध्ये उंच झेलाला हे चालतं, कारण तिथे कुणी अंगावर येत नाही. इथे उभ्याने मारलेली उडी धावत आलेल्या विंगरच्या उडीपेक्षा नेहमी कमी पडते. म्हणून पडण्याच्या जागेपासून तीन-चार पावलं मागे थांबायचं आणि शेवटच्या क्षणी धावत आत जायचं. एका पायावर उडी, दुसरा गुडघा वर. गुडघ्याने उंचीही मिळते आणि पोट-बरगड्यांना आडोसाही होतो. मात्र पाय सरळ पुढे काढून समोरच्याच्या अंगावर बूट रोखला तर पेनल्टी. शरीर किंचित आडवं, खांदा समोरच्याकडे. याचं कारण साधं आहे: छातीने समोर राहिलात आणि चेंडू हातातून निसटला तर तो पुढे पडतो, नॉक-ऑन होतो आणि स्क्रम (दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांना ढकलतात ती झुंज) समोरच्याला जातो. आडवे असाल तर निसटलेला चेंडू बहुधा मागे पडतो आणि खेळ चालू राहतो. हात डोळ्यांच्या वर, कोपरं जवळ, करंगळ्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या. कोपरं फाकली की चेंडू मधून सरकून छातीवर आपटतो. पावसात मात्र बोटांवर विसंबायचं नाही, दोन्ही हातांची ओंजळ करून चेंडू छातीशी घ्यायचा, उंची थोडी कमी मिळाली तरी. उतरताना शक्यतो दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, पाठ समोरच्याकडे. आणि हे सगळं सुरू होण्याआधी मोठ्याने “माझा!” अशी हाक. हाक नसेल तर आपलाच विंगर येऊन धडकतो. शाळा-कॉलेजच्या सामन्यांत निसटलेल्या झेलांत या मुकेपणाचा वाटा मोठा असतो.

चेंडू आपल्या 22 मीटरच्या आत स्वच्छ झेलला आणि “मार्क” ओरडलं तर खेळ थांबतो, फ्री किक मिळते. हवी असेल तर तिच्याऐवजी स्क्रमही घेता येतो. 2023 च्या उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने फ्रान्सविरुद्ध नेमकं हेच केलं. स्वतःच्या 22 मध्ये मार्क घेतला आणि किक मारण्याऐवजी स्क्रमची खूण केली. सगळं स्टेडियम चक्रावलं. आपली स्क्रमची फळी समोरच्यापेक्षा जड आहे हे ठाऊक असलेल्या संघाचा तो निर्णय होता. फुलबॅकला आपल्या आठ फॉरवर्ड्सची ताकदही माहीत असावी लागते, ती अशी.

2024 च्या शेवटापासून पंचांनी आणखी एक गोष्ट कडक केली. पूर्वी झेल घेणाऱ्याच्या पुढे आपलेच दोन-तीन खेळाडू हळूहळू चालत भिंत करायचे, पाठलाग करणाऱ्याला वाट मिळायची नाही. आता त्यावर पेनल्टी मिळते. परिणामी हवेतली खरी झुंज वाढली, उंच किका वाढल्या आणि उंच, खंबीर फुलबॅकला पुन्हा भाव आला. 2022 मध्ये केलेलं गुणपत्रक 2026 मध्ये जसंच्या तसं लागू होत नाही, ते यामुळे.

स्टुअर्ड साडेसहा फुटांच्या आतबाहेरचा माणूस, हवेत जवळजवळ अभेद्य. पण आक्रमणाच्या ओळीत शिरून पास खेळवणं, दोन पावलांत दिशा बदलणं, यात तो इतरांच्या मागे आहे. इंग्लंडने या एका जागेवर जे केलं ते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. 2023 च्या विश्वचषकात फिजीविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह बोर्थविक यांनी स्टुअर्डला बसवून मार्कस स्मिथला, म्हणजे मूळच्या फ्लाय-हाफला, 15 नंबर दिला. इंग्लंड 30-24 जिंकलं. सहा दिवसांनी समोर दक्षिण आफ्रिका, वर पाऊस. स्टुअर्ड परत. इंग्लंडने तो सामना उंच किकांवर खेळला, बराच वेळ आघाडी राखली आणि शेवटी हांद्रे पोलार्डच्या लांब पेनल्टीने 15-16 असा गमावला. जिंकलेल्या सामन्यातला फुलबॅक बदलणं वेडेपणा होता का? माझ्या मते अजिबात नाही. समोरचा संघ आणि हवामान बदललं, तसं कामही बदललं. पुढच्या वर्षी त्याच बोर्थविकनी जॉर्ज फरबँकला घेतलं, कारण त्यांना पास खेळवणारा 15 नंबर हवा होता. 2024 मध्ये ट्विकनहॅमला आयर्लंडवरच्या 23-22 विजयात फरबँकने ट्राय केली. आणि 2025 च्या सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेत या एकाच जागेवर स्टुअर्ड, मार्कस स्मिथ आणि इलियट डेली असे तिघे खेळले. जगातला एक श्रीमंत, अनुभवी संघ या प्रश्नाचं एक उत्तर देऊ शकत नाही, तिथे दहापैकी गुण देणारे आपण कोण!

शेवटच्या माणसाचं टॅकल हा वेगळा विषय. पुढच्या फळीत टॅकल चुकलं तर शेजारी मदतीला असतो. फुलबॅकच्या मागे फक्त गोललाइन. समोर एकटा धावपटू असेल तर सरळ त्याच्यावर धावून जायचं नाही. आतल्या बाजूने तिरकं जायचं, बाहेरची वाट मोकळी ठेवायची आणि त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलत न्यायचं. टचलाइन कधी टॅकल चुकवत नाही. पाचेक मीटरवर आल्यावर पावलं आखूड करायची. पूर्ण वेगात गेलात तर एका हुलकावणीत तुम्ही इकडे आणि तो तिकडे. डोकं नेहमी त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला, मांडी-कमरेशी गाल. डोकं पुढे गेलं तर गुडघा कपाळावर बसतो. कबड्डी खेळलेल्यांना हे लवकर कळतं: कोपरारक्षक चढाईवाल्यावर झेप घेत नाही, त्याला कोपऱ्यात येऊ देतो.

दोघांसमोर एकटा असाल तर काम टॅकलचं नाही, वेळ काढण्याचं आहे. चेंडूवाल्याकडे अर्धं झुकून त्याला लवकर पास द्यायला लावायचं, मग दुसऱ्याकडे सरकत टचलाइन वापरायची. मागे सरकत मिळवलेल्या प्रत्येक सेकंदात तुमचा स्क्रम-हाफ सात मीटर जवळ येतो. एका हाताने पास अडवायचा मोह इथे फार होतो. चेंडू हाताला लागून पुढे पडला तर तो मुद्दाम केलेला नॉक-ऑन धरतात, पिवळं कार्ड मिळतं आणि ट्राय होणारच होती असं पंचांना वाटलं तर पेनल्टी ट्रायही.

घाईत शरीर कसं ठेवलं यावरून सामना कसा बदलतो ते मार्च 2023 मध्ये डब्लिनला दिसलं. चेंडू सुटला, कीनन तो उचलायला वाकला, स्टुअर्ड वेगात आला आणि धडक चुकवण्यासाठी आडवा वळला. वळलेला दंड कीननच्या डोक्याला लागला आणि लाल कार्ड. नंतर शिस्तपालन समितीने लाल कार्ड जास्त होतं, पिवळं पुरेसं होतं, असं ठरवलं. पण सामना तर होऊन गेला होता, आयर्लंड 29-16.

इथपर्यंतचं बचावाचं म्हणणं एका वाक्यात: जागा आधी, हवा दुसरी, टॅकल तिसरं. जागेत मी सध्याच्यांत कीननला वर ठेवतो, हवेत स्टुअर्डला. टॅकलमध्ये खात्रीने नाव घ्यावं असा फरक या सहा जणांत मला दिसत नाही.

आक्रमणात तीन अगदी वेगळी कामं आहेत, आणि “आक्रमक फुलबॅक” म्हणताना लोक ती एकत्र कालवतात.

पहिलं, किक झेलून उलटा हल्ला. निर्णयाला दोन सेकंद असतात आणि त्यात तीन गोष्टी बघायच्या. पाठलाग करणारी रांग सरळ आहे की तिच्यात कुणी मागे राहिलंय? मागे राहिलेला प्रॉप किंवा लॉक, म्हणजे जड फॉरवर्ड, आहे का? आणि आपले किती जण चेंडूच्या मागे येऊन पोहोचलेत? रांग मोडलेली असेल आणि मोडलेल्या जागी जड फॉरवर्ड असेल तर धावा. रांग सरळ असेल तर किक मारा, कितीही हात शिवशिवले तरी. आपले कुणी जवळ नसताना धावलात तर पहिल्या टॅकलनंतर एकटे पडता, चेंडू जमिनीवर धरून ठेवल्याची पेनल्टी जाते आणि स्वतःच्या 22 जवळ तीन गुण फुकट.

याचा नमुना बघायचा तर 24 जून 2017, ईडन पार्क, न्यूझीलंड विरुद्ध ब्रिटिश अँड आयरिश लायन्सची (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक संघाची) पहिली कसोटी. वेल्सचा लियाम विल्यम्स स्वतःच्या गोललाइनकडच्या टोकाला चेंडू घेतो. समोर किक मारायला वेळ आहे, शंभरातले नव्वद जण मारतील. तो किरन रीडला हुलकावणी देऊन आत शिरतो. रीड हा ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडचा, कर्णधार, पण शेवटी फॉरवर्ड. त्या एका पावलाने रांग फुटते. पुढे चेंडू जोनाथन डेव्हिस, इलियट डेली, पुन्हा डेव्हिस आणि शेवटी शॉन ओब्रायन असा गेला आणि ट्राय झाली. सामना लायन्सनी 15-30 असा गमावला, तरी मागच्या तिकडीचं आक्रमण शिकवायला मी आजही ही चाल दाखवतो. विल्यम्सचं पहिलं पाऊल बघा. वेग नंतर आला, आधी त्याने कोणासमोरून जायचं ते निवडलं.

इटलीच्या आंजे कापुओत्झोचं 2022 मधलं कार्डिफचं धावणं याच जातीचं. सामना संपत आलेला, सत्तरीच्या आसपास किलोचा हा पोरगेला माणूस स्वतःच्या अर्ध्यातून वेल्सच्या मोठमोठ्या बाप्यांमधून वाट काढत गेला आणि शेवटचा पास पादोवानीला दिला. इटली 22-21. सिक्स नेशन्समधली इटलीची सलग 36 पराभवांची मालिका तिथे संपली. सामनावीराचं पदक वेल्सच्या जॉश ॲडम्सला जाहीर झालं होतं, ते त्याने कापुओत्झोला देऊन टाकलं. वजन कमी म्हणून ज्यांना लहानपणी बाहेर बसवतात त्यांनी ही फीत जरूर बघावी. फक्त हेही लक्षात ठेवावं की त्याच अंगलटीवर समोरचे संघ मुद्दाम उंच किका टाकतात.

दुसरं काम म्हणजे दुसरा फ्लाय-हाफ होणं. रकच्या एका बाजूला 10 नंबर, दुसऱ्या बाजूला 15 नंबर. बचावाला कळत नाही चाल कुठून येणार. बॅरेट आणि रामोस दोघेही 10 नंबरवर खेळलेले, त्यामुळे हे त्यांना सहज जमतं. न्यूझीलंडने 2019 आणि 2023 या दोन्ही विश्वचषकांत रिची मोउंगाला 10 आणि बॅरेटला 15 असं खेळवलं. दोन वेळा जगातला सर्वोत्तम ठरलेला फ्लाय-हाफ मागे टाकायची हिंमत त्यातूनच आली. ले रूचं कसब थोडं निराळं: तो ओळीत उशिरा शिरतो आणि विंगरला मोकळं करणारा शेवटचा पास देतो. 2019 च्या स्पर्धेत त्याच्या हातून उंच चेंडू निसटले, भरपूर टीका झाली, तरी प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी अंतिम सामन्यात 15 नंबर त्यालाच दिला आणि दक्षिण आफ्रिका इंग्लंडवर 32-12 जिंकली. बाहेरून बघणाऱ्याला निसटलेले झेल दिसतात. आतल्यांना मागून दिल्या जाणाऱ्या हाका ऐकू येतात.

या कामात नेमकी चूक होते ती लवकर येण्याची. फुलबॅक चेंडू रकमधून निघण्याआधीच ओळीत येऊन उभा राहिला तर बचाव त्याला मोजून टाकतो. तो फॉरवर्ड्सच्या टोळक्यामागे दडून, पास सुटताना वेग घेत आला पाहिजे. सरावात मी सोपी अट घालतो: स्क्रम-हाफचा हात चेंडूला लागेपर्यंत 15 नंबरने जागेवरून हलायचं नाही.

तिसरं काम ट्राय पूर्ण करणं, आणि इथे जॉर्डनला तोड नाही. 2023 मध्ये त्याने विंगवर खेळताना आठ ट्राय केल्या. एका विश्वचषकातला हा आकडा लोमू, हबाना आणि ज्युलियन सविया यांच्या बरोबरीचा. 2024 पासून तो ऑल ब्लॅक्सचा फुलबॅक. तो फार हुलकावण्या देत नाही. ज्याने बचाव फोडला त्याच्या खांद्याशी तो नेमका पोहोचलेला असतो. वेगापेक्षा हा अंदाज दुर्मीळ. कीनन शांत वाटतो, पण 2025 च्या जुलैत मेलबर्नला लायन्सच्या दुसऱ्या कसोटीत, 5-23 असे मागे पडलेले असताना, अगदी शेवटी 29-26 असा विजय देणारी ट्राय त्याची होती.

आता जुने. सर्ज ब्लांको 93 कसोटींत 38 ट्राय, ख्रिश्चन कलन 58 मध्ये 46, क्रिस लॅथम 78 मध्ये 40, मिल्स मुलियाइना 100 मध्ये 34. या आकड्यांवरून क्रम लावू नका. ब्लांकोच्या काळी वर्षाला कसोट्या कमी, बचावाची फळी आजच्यासारखी घडी घातलेली नाही. शिवाय यांपैकी काहीजण अधूनमधून विंगवर किंवा सेंटरला खेळलेत. कलनला तर 1999 च्या विश्वचषकात सेंटरला हलवून जेफ विल्सनला 15 नंबर दिला होता, आणि तो बदल आजही न्यूझीलंडच्या चाहत्यांना पटत नाही. मलाही नाही. ब्लांकोची 1987 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातली, सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कोपऱ्यात केलेली ट्राय मात्र कुठल्याही काळात तितकीच मोठी ठरली असती: 24-24 वरून सामना फिरला.

जेपीआर विल्यम्सचं स्थान वेगळं आहे. 1968 च्या सुमाराला नियम बदलला. त्यानंतर आपल्या 25 यार्डांच्या बाहेरून चेंडू थेट टचबाहेर मारण्यात फायदा उरला नाही. त्याआधी फुलबॅक म्हणजे लांब किक मारणारा गोलरक्षकच होता. नियम बदलला आणि धावणाऱ्या फुलबॅकला जागा झाली. जेपीआर नेमका त्या वळणावर आला. वेल्ससाठी 55 कसोट्या, लायन्सच्या 1971 आणि 1974 च्या दोन्ही विजयी मालिकांत. 1976 मध्ये कार्डिफला फ्रान्सच्या गूर्दोंला त्याने कोपऱ्यात खांद्याने उडवून ट्राय वाचवली आणि वेल्सचा ग्रँड स्लॅम झाला, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने जिंकले. ते टॅकल आज केलं तर हात न वापरता मारलेली धडक म्हणून पेनल्टी आणि कार्ड, बहुधा पेनल्टी ट्रायसुद्धा. म्हणजे त्याचा बचावातला सगळ्यात गाजलेला क्षण आजच्या गुणपत्रकात उणे धरावा लागेल. काळ बदलला की तुलना अशी घसरते.

गोलकिकचं थोडक्यात सांगतो. फुलबॅक गोलकिकर (गोलपोस्टमधून किक मारून गुण मिळवणारा) असेल तर निवडीचं पारडं हलतं, हे आक्रमण-बचावाच्या चर्चेत विसरलं जातं. 2013 च्या लायन्स दौऱ्यात ली हाफपेनीने तीन कसोटींत 49 गुण काढले आणि मालिकावीर ठरला. हवेत रॉब कर्नी त्याच्यापेक्षा सरस असूनही बाहेर राहिला. रामोस 2025 मध्ये फ्रान्सचा सर्वाधिक गुणांचा धनी झाला. आणि त्याच रामोसची 2023 मधली एक कन्व्हर्जन किक (ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायची) दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बीने धावत येऊन अडवली. फ्रान्स 28-29 ने हरलं.

मग माझी निवड? पावसात, उंच किका मारणाऱ्या संघासमोर: स्टुअर्ड. कोरड्या मैदानावर, माझा 10 नंबर नवखा असेल तर: रामोस, गोलकिकसकट. सामना खुला होणार असेल आणि विंगर हवेत भक्कम असतील तर: जॉर्डन. समोर कोण आहे हेच सांगितलं नाही तर: कीनन. जुन्यांत धावण्यासाठी कलन. पण आठवड्यामागून आठवडे निर्धास्त झोप हवी असेल तर न्यूझीलंडचाच बेन स्मिथ, ज्याचं नाव अशा चर्चांत कुणी घेत नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर एक पूर्ण सामना घ्या, हायलाइट्स नकोत. 2023 चा इंग्लंड-दक्षिण आफ्रिका उपांत्य सामना उत्तम. वहीत प्रत्येक किकसाठी चार खुणा करा: चेंडू थेट झेलला की टप्पा पडला, झेलताना फुलबॅक पुढे धावत होता, उभा होता की पाठमोरा, नंतर धावला, पास केला की किक मारली, आणि त्यानंतरच्या पहिल्या रकमध्ये चेंडू कोणाकडे राहिला. मिळवलेले मीटर मोजू नका. किक झेलल्यावर पहिले दहा-पंधरा मीटर कुणालाही मोकळे मिळतात, म्हणून त्या यादीत फुलबॅक नेहमीच वर दिसतात. टॅकलची टक्केवारीही सोडा. शेवटच्या माणसाच्या वाट्याला चारच टॅकल येतात आणि चारही अवघड असतात. टप्पा पडलेल्या चेंडूंची संख्या मात्र जपून लिहा. पंधरा किकांपैकी दोन-तीनच टप्पे पडले असतील तर तुम्ही चांगला फुलबॅक बघताय, मग त्या दिवशी त्याने ट्राय केलेली नसली तरी.

आपल्याकडे 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे बऱ्याच जणांची ओळख सेव्हन्सशी, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीशी, आधी झाली. तिथे 15 नंबर नसतो, पण पुढच्या फळीत सहा आणि मागे एक स्वीपर असं बरेचदा दिसतं. मैदान तेवढंच, 70 मीटर रुंद, माणसं निम्मी. वर मांडलेला वीस मीटरचा हिशोब तिथे लावून बघा. कीनन हे काम शिकला त्यात आयर्लंडच्या सेव्हन्स संघाचा वाटा मोठा आहे.